चुलीशेजारचा वैल

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढणे ही गोष्ट आमच्याकडे दर वर्षी एका वादाने सुरू होते. वाद माळ्यावरून असतो. माळ्यावरच्या वस्तू टाकून द्याव्यात असे माझे मत, आणि त्या 'कधीतरी लागतील' असे आमच्या यजमानांचे मत. वीस वर्षे हा वाद चालू आहे आणि वीस वर्षांत माळ्यावरची एकही वस्तू आम्हाला लागलेली नाही. गेल्या वर्षी मात्र मी पदर खोचला, भंगारवाल्याला जिन्यातच थांबवून ठेवले आणि एकेक खोके खाली उतरवावयास सुरुवात केली. फुटकी इस्त्री गेली, पंख्याची पाती गेली, मुलीची तीनचाकी गेली. मग सुतळीने बांधलेले एक जड खोके खाली आले. भंगारवाल्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "ताई, कंप्यूटर आहे. तीनशे देतो."

तो माझ्या वडिलांचा, नानांचा संगणक होता.

मी "घेऊन जा" असे म्हणणार होते. खरे सांगायचे तर माझ्या तोंडून 'घे' एवढा शब्द निघालाही होता. पण माझा भाचा तेवढ्यात स्वयंपाकघरातून चकली खात बाहेर आला. तो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पुण्यात अभियांत्रिकी शिकतो आणि आमच्याकडेच राहतो. तो म्हणाला, "आत्या, थांब. आजोबांचे शब्द यातच आहेत ना?"

भंगारवाला तीनशे रुपये खिशात परत घालून निघून गेला. मी मात्र त्या खोक्याकडे पाहत कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

नाना राजापूर तालुक्यातल्या एका गावी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवीत. २००० साली ते निवृत्त झाले. त्यांना नाद होता तो शब्द गोळा करण्याचा. बाजारात, लग्नघरात, एस. टी. च्या थांब्यावर कोणाच्या तोंडून एखादा शब्द ऐकला, की ते तो खिशातल्या चिठोऱ्यावर टिपून ठेवीत. घरातल्या वस्तूंचे शब्द, शेतीचे, पावसाचे, मापांचे, स्वयंपाकाचे. आधी वह्या भरल्या. मग २००३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी साठवलेल्या पैशांतून संगणक घेतला, मराठी अक्षरे उमटविणारी त्या वेळची एक आज्ञावली घेतली, आणि दोन बोटांनी वह्या त्यात उतरविण्यास प्रारंभ केला. गावातली मंडळी संध्याकाळी तो पाहावयास येत. आई त्याच्यावर जुन्या लुगड्याचे आच्छादन घालून ठेवी.

त्याच वर्षी मी एम. ए. झाले. नवीन एम. ए. झालेल्या माणसाइतके शहाणे माणूस जगात दुसरे नसते. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा नानांनी मोठ्या उत्साहाने मला खुर्चीवर बसविले आणि आपले शब्द दाखविले. मी दहा-पंधरा नोंदी वाचल्या आणि म्हटले, "नाना, याला काही शास्त्र नाही. शब्द कोणी सांगितला, कोणत्या गावी ऐकला, कोणत्या साली ऐकला, याची नोंद नसेल तर अशा यादीला काय किंमत?"

नाना म्हणाले, "बरं."

एवढेच. पुढे प्रत्येक सुट्टीत ते एकदा तरी विचारीत, "ताई, त्या शब्दांना एकदा बसू या का?" आणि मी प्रत्येक सुट्टीत म्हणे, "पुढच्या खेपेला नक्की." कधी उत्तरपत्रिका तपासावयाच्या असत, कधी मुलगी आजारी असे, कधी नुसताच कंटाळा असे. २०१७ साली नानांची दृष्टी अधू झाली आणि संगणक बंद झाला. २०२१ साली नाना गेले. गावचे घर बंद झाले तेव्हा ते खोके माझ्या वाट्याला आले. मी ते माळ्यावर टाकले आणि त्याच्यापुढे इस्त्री ठेवली.

भाच्याने संध्याकाळी खोके उघडले. संगणक सुरू होईना. पण त्याच्या पोटातली तबकडी त्याने काढली, एका जोडणीने माझ्या नव्या लॅपटॉपला लावली, आणि काय आश्चर्य, ती घरघरत फिरू लागली. नानांच्या धारिका त्यात शिस्तीने लावलेल्या होत्या. मी उत्सुकतेने एक उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांचा, टिंबांचा आणि चित्रविचित्र चिन्हांचा एक ढीग येऊन पडला. मराठी अक्षर म्हणून एकही नाही.

याचे कारण मला भाच्याने समजावून दिले, आणि मराठीची अध्यापिका असून मला ते आजवर ठाऊक नव्हते याची लाज वाटली. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणावयाचे याचा एक जागतिक करार आता आहे. त्याला युनिकोड म्हणतात. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. पण करार झाला म्हणजे तो घरोघर पोचला असे नव्हे. दरम्यानच्या काळात मराठी अक्षरे करणाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर त्यांनी मराठी अक्षरांची चित्रे बसविली. संगणक आपला समजे की आपण इंग्रजी लिहीत आहोत, आणि पडद्यावर उमटे मराठी. शिवाय प्रत्येकाची बसवणूक निराळी. त्यामुळे ती आज्ञावली आणि तो टंक जवळ असेल तोवर सारे मराठी. तो नसला की सारा कचरा.

"मग ती आज्ञावली या लॅपटॉपवर घाल," मी म्हटले. तिची तबकडी नानांनी प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून, खोक्यातच ठेवली होती. भाच्याने शेजाऱ्यांकडून तबकडी वाचणारे यंत्र आणून प्रयत्न केला. नव्या विंडोजने ती आज्ञावली चालविण्यास साफ नकार दिला. ती एक्सपी नावाच्या जुन्या विंडोजसाठी केलेली होती. ते विंडोज २००१ साली निघाले, आणि ८ एप्रिल २०१४ नंतर त्याची देखभालही त्याच्या कर्त्यांनी थांबविली.

"मग आता काय? जुना संगणक शोधायचा?"

"नाही आत्या," भाचा म्हणाला. "जुना संगणक आपण याच्या पोटात करायचा."

मला वाटले, पोरगा चेष्टा करतो आहे. पण ती चेष्टा नव्हती. एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालविण्याची एक आज्ञावली असते. त्याने घातली तिचे नाव व्हर्च्युअलबॉक्स. २००७ साली एका जर्मन कंपनीने ती प्रसिद्ध केली आणि ती फुकट मिळते. ती आपल्या लॅपटॉपच्या स्मृतीतला एक तुकडा, तबकडीवरची थोडी जागा, प्रोसेसरचा थोडा वेळ असे बाजूला काढते आणि त्यांचा एक लटका संगणक उभा करते. त्या लटक्या संगणकात मग जुने विंडोज घालावयाचे. ते एका चौकटीत चालते. बाहेर नवे विंडोज, आत जुने. आतल्याला वाटते, हे सगळे यंत्र आपलेच आहे.

"बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट," भाच्याने सांगितले.

"म्हणजे यजमान आणि पाहुणा," मी म्हटले.

पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसलेले आमचे यजमान दचकून म्हणाले, "कोण पाहुणा?" मराठीत यजमान म्हणजे यज्ञ करणारा, पाहुण्याचे स्वागत करणारा, आणि बायकोच्या तोंडी नवरा. या तिन्ही अर्थांनी खर्च त्याच्याच खिशातून होतो, हे संगणकाच्या बाबतीतही खरे आहे असे मला लवकरच दिसून आले.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत केंब्रिज येथे आय. बी. एम. च्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात तिच्यावर काम केले. तेव्हा संगणक खोलीभर असे आणि त्याची किंमत कोणा एकट्याला परवडण्यासारखी नसे. म्हणून एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे, पण प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास व्हावा, अशी योजना त्यांनी केली. १९७२ साली त्या कंपनीने ती सोय आपल्या गिऱ्हाइकांना रीतसर देऊ केली. लहान संगणकांवर ती यावयास १९९९ साल उजाडले. आज आपण ज्याला 'क्लाउड' म्हणतो, आपले पत्रव्यवहार आणि छायाचित्रे जिथे असतात, तिथेही मोठमोठ्या यंत्रांच्या पोटात असे हजारो लटके संगणक नांदत असतात. म्हणजे आपण सारेच कोणाच्या तरी घरी पाहुणे आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

पाहुण्याची ही समजूत टिकते कशी, हे मला नीट समजून घ्यावयाचे होते. भाच्याने सांगितले ते असे. आतल्या विंडोजचा बहुतेक हिशेब खऱ्या प्रोसेसरवरच थेट चालतो. त्यात कोणी ढवळाढवळ करीत नाही. पण ज्या क्षणी ते यंत्राच्या मर्माला हात घालू पाहते, म्हणजे तबकडीवर लिहावयास किंवा सगळ्या स्मृतीचा ताबा घ्यावयास जाते, त्या क्षणी मधला कारभारी त्याला अडवितो. ते काम स्वतः करतो, किंवा केल्यासारखे दाखवितो, आणि पाहुण्याला हवे ते उत्तर देतो. या कारभाऱ्याला हायपरव्हायजर म्हणतात. पूर्वी त्याला हे सारे मोठ्या कसरतीने करावे लागे. २००५-०६ पासून प्रोसेसरमध्येच त्याच्यासाठी सोय ठेवलेली असते.

मला हे ऐकून आमच्या आजीची आठवण झाली. म्हातारपणी तिला वाटे की घरातल्या धान्याच्या किल्ल्या तिच्याच कमरेला आहेत. किल्ल्या होत्याही, पण कुलपे केव्हाच बदललेली होती. ती सकाळी आईला म्हणे, "दोन शेर तांदूळ काढ." आई "काढते" म्हणे आणि आपल्या हिशेबाने काढी. आजी समाधानाने जपाला बसे. आई हायपरव्हायजरचे काम करीत होती.

प्रत्यक्ष कामाला लागलो तेव्हा मात्र पहिले तीन दिवस पाहुण्याने घरात पाऊल ठेवले नाही. पहिल्या दिवशी यंत्राने सांगितले की प्रोसेसरमधली ती सोय बंद आहे. ती लॅपटॉपच्या अगदी मुळाच्या मांडणीत जाऊन चालू करावी लागली. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला किती स्मृती द्यावयाची असा प्रश्न आला. माझ्या लॅपटॉपची स्मृती आठ गिगाबाइट. मी कोकणातल्या घरी वाढलेली. पाहुण्याच्या ताटात हात आखडता घ्यावयाचा नाही हे माझे संस्कार. मी म्हटले, निम्मी देऊ. दिली. थोड्याच वेळात यजमानाची अवस्था अशी झाली की एक अक्षर टंकले तर ते उमटावयास चहा होऊन जाई. भाचा हसत म्हणाला, "आत्या, एक्सपीला चौसष्ट मेगाबाइटसुद्धा पुरत असे." शेवटी अर्धा गिगाबाइट दिला, आणि तेवढ्यात पाहुणा तृप्त झाला.

जागेचा प्रकार तर आणखी मौजेचा. पाहुण्याला सांगितले की तुझी तबकडी दहा गिगाबाइटची आहे. प्रत्यक्षात तो जेवढी वापरील तेवढीच आमच्या तबकडीवर भरते. जाहिरातीत एक क्षेत्रफळ आणि घरात दुसरेच, हा अनुभव पुण्यात सदनिका घेतलेल्या माणसाला नवा नाही.

तिसऱ्या दिवशी एक्सपी घालावयाचे म्हणून त्याचा परवान्याचा क्रमांक हवा होता. तो पंचवीस अक्षरांचा क्रमांक नानांच्या संगणकाच्या कुशीवर चिकटविलेला होता, पण निम्मा झिजलेला. मी भिंग घेऊन बसले. हा बी की आठ? मुद्रिते तपासण्याचा इतक्या वर्षांचा सराव त्या दिवशी कामी आला. क्रमांक लागू पडला. पण आत पाऊल टाकताच पाहुण्याने एक अट घातली: तीस दिवसांच्या आत कर्त्यांकडे नोंदणी करा, नाहीतर मी दार उघडणार नाही. नोंदणीसाठी त्याला बाहेरच्या जगाशी जोडावे लागले असते, आणि देखभाल थांबलेल्या अशा जुन्या माणसाला आजच्या रोगराईच्या हवेत सोडणे धोक्याचे, असे भाच्याचे मत पडले. म्हणून आम्ही त्याला जगाशी जोडलेच नाही. तीस दिवस तर तीस दिवस.

मग चौकटीत ती हिरवी टेकडी उगवली.

वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. हिरवे गवत, निळे आकाश, पांढरे ढग. चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात ती टिपली होती. एक्सपी उघडले की ती दिसे. आमच्या घरी ती बारा-चौदा वर्षे दिसत होती. नाना म्हणत, "आपल्या सड्यावर श्रावणात असंच असतं." बाहेर माझे नवे विंडोज, त्याच्यात एक चौकट, आणि चौकटीत नानांची खोली. मी उंदीर चौकटीत नेला तर तो आतच अडकून बसला, बाहेर येईना. उजवीकडची कंट्रोल कळ दाबून त्याला सोडवावे लागते हे मागाहून कळले. त्या क्षणी मात्र मला बाहेर येण्याची घाई नव्हती.

भाच्याने नानांची आज्ञावली आत घातली, त्यांच्या धारिका आत नेल्या, आणि पहिली उघडली. कचऱ्याच्या जागी मराठी अक्षरे उभी राहिली. 'अडसर', 'अधोली', 'इरले', 'उतरंड'. एकूण नोंदी ३,४१२. अट तीस दिवसांची.

भाच्याने जुन्या आकड्यांचे नव्या आकड्यांत रूपांतर करणारी एक छोटी आज्ञावली रचली. पण तिच्यावर विसंबून चालेना. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकीत, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागून येते. रूपांतरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत, रफार उडून जात, जोडाक्षरे मोडत. म्हणून प्रत्येक नोंद आतल्या चौकटीतल्या मूळ नोंदीशी ताडून पाहणे भाग होते. रोज सव्वाशे नोंदी, असा हिशेब ठरला. रात्रीची जेवणे झाली की मी बसत असे.

आणि वाचता वाचता मला ते दिसले.

सुरुवातीच्या दोनशे-अडीचशे नोंदी नुसत्या होत्या: शब्द आणि अर्थ. त्यानंतर एका नोंदीपासून प्रत्येक शब्दाखाली तीन ओळी येऊ लागल्या. सांगणारी व्यक्ती. गाव. साल. पहिली अशी नोंद मे २००३ ची होती. म्हणजे मी ज्या सुट्टीत खुर्चीवर बसून ते वाक्य बोलले, त्याच सुट्टीतली. त्या दिवसानंतर नानांनी एकही शब्द या तीन ओळींवाचून लिहिला नव्हता. तीन हजारांहून अधिक शब्द. सांगणारी व्यक्ती: म्हशी राखणारा गडी. सांगणारी व्यक्ती: सुईण, वय अदमासे ऐंशी. सांगणारी व्यक्ती: एस. टी. तील अनोळखी बाई, नाव विचारण्याचे राहिले. मी हे बोलून विसरून गेले होते. त्यांनी ते चौदा वर्षे पाळले, आणि पाळीत आहोत असे कधी सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट होती. कित्येक नोंदींच्या शेवटी कंसात लिहिलेले असे: (ताईला विचारणे.) मी मोजले. अशा एकसष्ट नोंदी निघाल्या. 'ताईला विचारणे' म्हणजे मला. मी पुढच्या खेपेला नक्की बसणार होते, म्हणून त्यांनी प्रश्न राखून ठेवले होते.

त्या रात्री मी पुढे एकही नोंद वाचली नाही. यजमान पाणी प्यावयास उठले, दिवा चालू पाहून आत आले, पडद्याकडे पाहिले आणि काही न बोलता शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी निराळ्या रीतीने वाचू लागले. आम्ही वर्गात शिकवितो की भाषा प्रवाही असते, जुने शब्द जातात, नवे येतात. हे खरे आहे. परंतु शब्द जातो म्हणजे काय, ते मला नानांच्या नोंदींनी दाखविले. शब्द एकटा जात नाही. त्याच्याखालची वस्तू जाते, आणि शब्द नानांच्या धारिकांसारखा होऊन बसतो: अक्षरे आहेत, पण उघडत नाहीत. 'शिंके' म्हणण्यासाठी ते टांगावयास तुळई लागते. स्लॅबला शिंके टांगता येत नाही. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही सारी उतरंड नानांनी लिहून ठेवली आहे. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला आणि मापे हळूहळू माळ्यावर गेली. त्यांच्यामागून शब्द गेले. आज माझ्या वर्गातल्या मुलाला 'चिपटे' म्हटले तर त्याला ते नाव वाटते की क्रियापद, हेसुद्धा सांगता यावयाचे नाही. मोल्सवर्थने १८३१ साली मराठीचा कोश काढला, दाते-कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. मला हे ग्रंथ म्हणजे शब्दांची गोदामे वाटत. नाना त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहत असावेत. त्यांच्या नोंदीत शब्दाभोवती त्याचे घरही थोडे थोडे उभे केलेले असे. 'इरले' या शब्दाखाली ते कसे विणतात, पाठीवर कसे घेतात, त्यात वाकून लावणी करताना पाऊस कोठून गळतो, हे सारे होते. जुन्या शब्दाला आत राहता येईल एवढी जागा ते नव्या पानात करून देत होते.

सत्ताविसाव्या दिवशी मी 'व' या अक्षरात होते. तिथे ही नोंद आली:

'वैल. चुलीला जोडून असलेली दुसरी, लहान चूल. वैलाला स्वतंत्र जाळ घालीत नाहीत. चुलीतला जाळ आतल्या वाटेने वैलाखाली येतो. चुलीवर भात, वैलावर आमटी किंवा दूध. सांगणारी व्यक्ती: घरातून. गाव: आपले. साल: २०११. गॅसच्या शेगडीला वैल नाही. शहरातल्या मुलांना हा शब्द कोणत्या दाखल्याने समजावून द्यावा? (ताईला विचारणे.)'

'घरातून' म्हणजे आई. नाना आईचे नाव घेत नसत.

मी चौकटीकडे पाहिले. बाहेर माझा नवा लॅपटॉप, आत एक्सपी. एक्सपीला स्वतःचा जाळ नाही. त्याची स्मृती आमची, प्रोसेसर आमचा, वीज आमची. पण त्याच्यावर त्याचे निराळे भांडे शिजत होते, आणि ते चुलीवर शिजले नसते.

भाचा अभ्यास करीत होता. मी त्याला नोंद वाचून दाखविली आणि विचारले, "कळलं का वैल म्हणजे काय?"

तो म्हणाला, "हो. गेस्ट."

मी नोंद खाली सरकविली. नानांच्या आज्ञावलीत, नानांच्या टंकात, त्यांच्यासारखेच दोन बोटांनी मी लिहिले: 'दाखला: संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. सांगणारी व्यक्ती: ताई व तिचा भाचा. गाव: पुणे.' साल घातले. मग 'ताईला विचारणे' या शब्दांवर आले. ते खोडावे की नाही याचा थोडा वेळ विचार केला आणि तसेच ठेवले. पुढे कंसातच लिहिले: 'विचारले.'

अठ्ठाविसाव्या दिवशी काम संपले. ३,४१२ नोंदी आता नव्या अक्षरांत आहेत. त्या कोणत्याही संगणकावर उघडतात, भ्रमणध्वनीवरसुद्धा. उरलेल्या साठ प्रश्नांपैकी तेवीस प्रश्नांची उत्तरे मला देता आली. बाकीच्यांसाठी येत्या मे महिन्यात राजापूरकडे जावे लागेल. म्हशी राखणारा तो गडी आता नसेल, पण त्याची मुले असतील. त्यांना विचारताना व्यक्ती, गाव आणि साल लिहून घ्यावयाचे, हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. सुट्टी पुढे ढकलायची नाही, हे यजमानांनी लिहिले आहे.

शेवटच्या रात्री मी चौकट मिटू लागले तेव्हा व्हर्च्युअलबॉक्सने विचारले: आहे त्या स्थितीत गोठवून ठेवू, रीतसर बंद होण्याचा निरोप देऊ, की एकदम वीज तोडू? भाचा म्हणाला, "गोठवून ठेव, आत्या. पुन्हा उघडलंस की ह्याच ओळीवर उभी राहशील."

मोह मला पडला नाही असे नाही. पण पाहुण्याला दारात असे ताटकळत उभे करू नये. मी मधला पर्याय निवडला. टेकडी काळवंडली, एक्सपीने आपले निरोपाचे सूर वाजविले आणि चौकट मिटली.

संगणकाचे ते जुने खोके अजून माळ्यावर आहे. या वर्षी झाडलोटीत मी त्याला हात लावला नाही. यजमान म्हणाले, "मी म्हणत नव्हतो का, कधीतरी लागेल?" वीस वर्षांत प्रथमच मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही.